गाडीचं तोंड कुणीकडं होतं

बाबांच्या मरणाच्या मी आजवर पुष्कळ हकिकती ऐकल्या आहेत. बहुतेक सगळ्या मार्केट यार्डात ऐकल्या, आणि सांगणारी माणसं वाईट नव्हती. उलट त्यांनी आमच्यासाठी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आणि मग सांगितलं की आमचे बाबा कसे मेले असतील.

बाबा ट्रक चालवायचे. आम्ही मूळचे यवतमाळकडचे. मी लहान असताना ते पुण्यात आले. आधी हमाली केली, मग एका उस्तादाच्या हाताखाली क्लीनर झाले, मग स्वतः ड्रायव्हर. आमची खोली अप्पर इंदिरानगरला आहे. आई रोज बसने कोथरूडला जाऊन तिथल्या घरांत पोळ्या करते. मी दहावी झाले तेव्हा आमच्या दोन्ही बाजूंच्या नात्यात पुढे शिकणारं कुणी नव्हतं. आता मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की बाबा ज्या आठवड्यात नाहीसे झाले, तो माझ्या अकरावीच्या ॲडमिशनचा आठवडा होता.

ते गूळ घेऊन हैदराबादला गेले होते. गूळ उतरवला, तसा मालकाला फोनही केला. मालक म्हणाले, येताना लातूरला जा, डाळ भर आणि मग ये. ट्रकच्या धंद्यात रिकामी गाडी परत आणणं हे फार वाईट समजतात. दोन-दोन दिवस थांबतील, वाकडी वाट करतील, पण गाडी भरूनच आणतील. बाबाही तसेच होते. एकदा गावाला चुलत आजोबा वारले तेव्हासुद्धा त्यांनी आधी गाडी भरली आणि मग सुतकाला आले, असं आई सांगते.

त्यानंतर बाबांशी कुणाचं बोलणं झालं नाही. गाडी सापडली ती वाटेतल्या एका फाट्यावर, बंद पडलेल्या ढाब्याच्या आवारात. त्या फाट्यावरून एक रस्ता लातूरकडे जातो आणि दुसरा सरळ सोलापूरवरून पुण्याला येतो. हँडब्रेक ओढलेला होता. दार लॉक होतं. ताडपत्री घडी घालून दोरीनं बांधलेली होती. बाबा केबिनमध्ये कधी चपला घालून बसत नसत, देवघरात बसावं तसे बसायचे. दाराजवळ एक पोत्याचा तुकडा अंथरलेला असे, त्यावर चपला काढून ठेवायच्या. त्या पोत्यावर चपला नव्हत्या. म्हणजे ते चपला घालून, आपल्या पायांनी खाली उतरले होते. कुठे गेले, ते कुणाला कळलं नाही. फोन त्यांच्याबरोबरच गेला. पोलिसांनी आसपासच्या विहिरी पाहिल्या, दवाखाने पाहिले, गावांत विचारलं. काही मिळालं नाही.

पूर्वीसारखा त्यांच्याबरोबर क्लीनर असता तर आज काही वेगळं झालं असतं का, हे मी सांगू शकत नाही. क्लीनर देणं मालकांनी आधीच बंद केलं होतं.

त्यानंतर आई दर आठवड्याला यार्डात जायला लागली. कोथरूडची कामं आटोपून ती स्वारगेटला उतरायची, मी कॉलेजमधून तिथे यायची, आणि आम्ही दोघी चालत जायचो. गूळ-भुसार विभागाच्या मागच्या बाजूला ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं आहेत. दुपारी गाड्या भरायला लागण्याआधी ड्रायव्हर लोक तिथे जुन्या टायरांवर बसलेले असतात. आई एकटी तिथे गेली नसती. पुरुषांत जाऊन बोलायची तिला सवय नव्हती. मी काही बोलत नसे, नुसती शेजारी उभी राहायची.

पहिल्यांदा बोलले ते बाबांचे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली बाबा शिकले. म्हातारे होते, त्यांना शुगर होती. बोलताबोलता खिशातून गोळी काढून पाण्याशिवाय गिळायचे.

"सूनबाई, माझं ऐक," ते आईला म्हणाले, "त्याला कळलंसुद्धा नसंल. लघवीला उतरला असंल. छातीत कळ आली, खाली बसला, संपलं. बाजूला ऊस असणारच. उसात पडलेला माणूस तोडणीपर्यंत दिसत न्हाई."

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडीचं तोंड कोणीकडे होतं?"

"आँ?"

"फाट्यावर. लातूरकडे होतं की पुण्याकडे?"

उस्ताद माझ्याकडे बघायला लागले. "ते काय मी बघितलं न्हाई बाई. मी कुठं गेलतो तिकडं?"

"छातीबितीत काय न्हाई," शेजारच्या टायरवरचा एकजण म्हणाला. हा अंगानं किरकोळ होता, आणि त्याच्या सीटखाली कायम लोखंडी गज असतो असं बाबा घरी हसत सांगायचे. एकदा रस्त्यात त्याला बांधून ठेवून लोकांनी टाकीतलं डिझेल काढून नेलं होतं. "वहिनी, हे डिझेलचोरांचं काम. ढाबा बंद, उजेड न्हाई. मारला आन् दिला कुठंतरी टाकून."

"आरं, पण डिझेल जागच्या जागी हुतं," उस्ताद म्हणाले. "मालकानंच सांगितलंय."

"मंग? त्यानं काढू दिलं न्हाई, म्हणून तर मारला!"

"तू गप रं. पोरगी उभी हाय."

"मी काय वाईट बोललो? गडी भांडून मेला म्हणतोय. तुमच्यासारखं लघवीला बसून न्हाई."

बाकीचे हसले आणि लगेच गप्प झाले. मलाही क्षणभर हसू आलं होतं, आणि त्याचं मला नंतर कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

तिसऱ्याचं म्हणणं वेगळंच. त्याचे डोळे नेहमी तांबारलेले असत आणि तो एकदा गाडी चालवताना झोपून दुभाजकावर चढला होता. तो म्हणाला, "झोप आली असणार, वहिनी. झोपेला कुणाचं चालत न्हाई. माणूस शहाणा, त्यानं गाडी बाजूला लावली. तोंड धुवायला पाणी शोधत गेला. अंधारात तळ्याबिळ्यात पाय घसरला. झोपेत गेला म्हणायचं. त्रास न्हाई."

आईनं त्यालाही विचारलं, "गाडीचं तोंड कोणीकडे होतं?"

त्यालाही माहीत नव्हतं.

मालक ऑफिसच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "कशाला त्या बाईच्या डोक्यात भरवताय? गाडी लॉक करून, चपला घालून गेलेला माणूस मरतो कशाला? असेल कुठंतरी मजेत. आमची गाडी तेवढी रस्त्यात टाकून गेला."

"मालक," उस्ताद टायरवरून न उठताच म्हणाले, "तुमचा भाऊ असता म्हंजे असंच बोलला असता का?"

मालक आत गेले. पण त्यांनी जे म्हटलं ते आमच्या बिल्डिंगीतल्या बायकाही कुजबुजत होत्या. ड्रायव्हर माणूस, रस्त्यावरचं आयुष्य, कुठे दुसरं घर केलं असेल. आईला ते ऐकू जात होतं.

परत येताना स्वारगेटच्या पुलाखाली मी आईला विचारलं, "आई, तोंडाचं तू काय सारखं विचारतेस? त्यानं काय कळणार आहे?"

आई म्हणाली, "कसे मेले ते मले सांगून काय होते? मेलेला माणूस मेला. पण येताना मेले की जाताना, एवढं समजलं पाहिजे ना, बाई. गाडी पुण्याकडे होती तं घरी येऊन राह्यले होते. मंग कोणाचं काही ऐकाचं काम नाई."

तेव्हा मला समजलं की आई काय शोधत होती. लातूरकडे गाडी होती तर ते मालकाचं ऐकून डाळ भरायला चालले होते, किंवा त्याच्याही पुढे कुठे, लोक म्हणतात तसे. पुण्याकडे होती तर रिकामी गाडी घेऊन, मालकाची बोलणी खायची तयारी ठेवून, ते आमच्याकडे निघाले होते. आईला तेवढंच हवं होतं.

आणि मला नेमकं तेच नको होतं.

कारण असं की हैदराबादला पोचल्यावर बाबांचा आईच्या फोनवर फोन आला होता आणि आईनं तो माझ्याकडे दिला. मी म्हणाले, "बाबा, बुधवारी ॲडमिशन आहे. पालक लागतात." खरं तर आई आली असती तरी चाललं असतं. पण बाबांनी निकालाच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की तू कॉलेजात पाय ठेवशील तेव्हा मी फाटकात उभा असणार. म्हणून मी म्हणाले. ते म्हणाले, "येतो ना. भाडं भेटलं तं भेटलं, नाई तं रिकामीच आणतो. तू काळजी नको करू."

हे आईनंही ऐकलं होतं, ती शेजारीच होती. तिला त्यात चांगलं तेवढं ऐकू आलं. मला वेगळं ऐकू येत राहिलं. रिकामी गाडी वेगानं पळते. माणूस न झोपता चालवतो. फाट्यावर थांबतो, लातूर की पुणे असा विचार करतो, पुण्याकडे वळतो. मग त्याला वाटतं, पोरीला एक फोन करून सांगावं. केबिनमध्ये रेंज नसते. तो चपला घालतो, दार लॉक करतो आणि फोन वर धरून अंधारात चालत जातो, जिथे रेंज येईल तिथपर्यंत. पुढचं मला दिसायचं नाही. पण ही माझी हकिकत होती. ती मी कुणाला सांगितली नाही.

माझ्या मनात कधी कधी असं यायचं की गाडी लातूरकडे असावी. बाबा डाळ भरायला चाललेले असावेत. रोजच्यासारखे, मालकाचं काम करत. मग त्यांचं मरण त्यांच्या धंद्यातलं झालं असतं, माझ्या फोनमधलं नाही. हे बरोबर होतं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

ती गाडी पुण्याला परत आणणारा ड्रायव्हर वेगळा होता. मालकांनी त्याला बसनं पाठवलं होतं. तो नंतर दुसऱ्या मालकाकडे लागला आणि कायम लांबच्या फेऱ्यांवर असायचा, म्हणून त्याची गाठ पडत नव्हती. पोलिसांच्या कागदात गाडीचं तोंड लिहिलेलं नव्हतं, म्हणून आईला वाटायचं, हाच एक माणूस सांगू शकेल. शेवटी एका दुपारी उस्तादांनी निरोप धाडला की तो आलाय. आई त्या दिवशी कोथरूडचं एक घर टाकून आली. साडी बदलली नव्हती, कोपरापर्यंत पीठ तसंच होतं.

तो आमच्यापुढे उभाच राहिला. चांगला दणकट माणूस, पण हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. सगळ्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की बाई काय विचारणार आहे. उस्ताद त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. मला आता वाटतं, त्यांनी त्याला काय उत्तर द्यायचं तेही पढवलं असावं.

आईनं विचारलं.

त्यानं एकदा उस्तादांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, खोटं सांगत न्हाई. मी गेलो तवा गाडी फाट्यावर नव्हतीच. पोलिसांनी आणून चौकीच्या आवारात लावली हुती. तोंड भिंतीकडं हुतं."

"भिंतीकडे," आई म्हणाली.

"व्हय. मला रिव्हर्स घ्यावी लागली."

"आरं गाढवा," उस्ताद म्हणाले.

"काय सांगू मंग? पुण्याकडं हुतं म्हणू? आन् उद्या कुणी दुसरं सांगितलं तर?"

आईनं त्याला हात जोडले. म्हणाली, "नाई बापा, खरं सांगितलं ते बरं केलं." आणि चहा न घेता निघाली.

बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. आई खिडकीशी बसली होती. मला तिची इतकी कीव आली, की तिला काहीतरी सांगावंसं वाटलं, म्हणून मी म्हणाले, "लातूरकडेच असेल गाडी. लातूरला जात असले तर बरंच आहे ना, आई."

"बरं काऊन?"

"असंच."

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. मी खाली बघत होते. बिबवेवाडीचा चढ लागेपर्यंत ती माझ्याकडेच पाहत होती, असं मला वाटतं. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. पण त्या दिवसानंतर तिनं तो प्रश्न कुणालाही विचारला नाही. यार्डात जाणंही थांबवलं. मला वाटलं, ती थकली.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. मी शिकत राहिले. आई पोळ्या करत राहिली. ती कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची, आणि वटपौर्णिमेला वडाशी जाऊन यायची. रात्री झोपताना दाराची वरची कडी लावायची नाही, फक्त खालची, जी बाहेरून ढकलली तरी निघते.

एका संक्रांतीला आमच्या मजल्यावरची एक बाई हळदीकुंकवाचं बोलवायला आली. तिनं शेजारच्या दारात सांगितलं, पलीकडच्या दारात सांगितलं आणि आमच्या दारापुढे येऊन थांबली. बोलवावं की नाही तिला कळेना. बोलवलं तर बाकीच्या बायका काय म्हणतील, आणि नाही बोलवलं तर आईच्या कपाळावरचं कुंकू आपणच पुसल्यासारखं होईल. ती बिचारी हातात यादी नसताना यादी आठवत असल्यासारखी उभी राहिली. आई आतून पोळपाट ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "माहे पाय दुखते बाई, मी नाई येत. तुमचं चालू द्या." बाईचा चेहरा मोकळा झाला.

दार लावल्यावर आई म्हणाली, "किती वर्सं लोकायले दारात उभं ठेवू मी?"

त्यानंतर काही महिन्यांनी तिनंच कार्याचं काढलं. ज्यांचं शरीर सापडत नाही त्यांच्यासाठी पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात, हे तिला माहीत होतं. आमच्याकडे एकदा पुरात वाहून गेलेल्या माणसाचं तसं केलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं. कोथरूडला ती जिथे पोळ्या करते त्यांतल्या एका काकूंनी गुरुजी शोधून दिले. मी आणि आई त्यांना भेटायला गेलो.

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "शास्त्रात बारा वर्षं वाट पाहायला सांगितलंय. हल्ली लोक सात धरतात. काही जण सात महिनेही धरत नाहीत. अर्थात वाट मी पाहत नाही, आपण पाहताय. आपण ठरवायचं."

"ठरवलं," आई म्हणाली.

"मुलगा?"

"मी आहे," मी म्हणाले. "मुलगी."

"एकटी?"

"हो."

"मग प्रश्न मिटला. कुणी भांडायला नाही. मुलीनं केलेलं पोचत नाही असं वर जाऊन पाहून आलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही."

पळसाची पानं पुण्यात मिळाली असती, पण उस्तादांनी ऐकलं नाही. त्यांनी यार्डात सांगून ठेवलं, आणि यवतमाळकडून येणाऱ्या एका गाडीत आमच्या भागातली पोतंभर पानं आली. ती घेऊन उस्ताद, गजवाला आणि तांबड्या डोळ्यांचा असे तिघंही सकाळी नदीकाठच्या घाटावर हजर झाले. तिघांनी अंघोळ करून स्वच्छ शर्ट घातले होते. मी त्यांना यार्डाबाहेर पहिल्यांदाच पाहत होते. बाहेर ते लहान दिसत होते.

गुरुजींनी पानांचे देठ लोकरीच्या दोऱ्यानं बांधत हात केले, पाय केले. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. वरून पिठाचा लेप द्यायला त्यांनी आईला सांगितलं. रोज कणीक मळणारे तिचे हात त्या पिठात गेले आणि थांबले. मग तिनं ते हळूहळू लावलं, खांद्यांवर, छातीवर. बाबांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली होता, पोती वाहून. आईनं एका बाजूला पीठ कमी लावलं.

मी दर्भ बोटात घालून बसले. गुरुजी म्हणाले, "आता संकल्प. मृत्यू कशानं झाला ते सांगा. आजार, अपघात, पाणी, शस्त्र, जे असेल ते. त्याप्रमाणे पुढचं ठरतं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"माहीत नसेल तर त्यालाही सोय आहे. पण विचारणं माझं काम आहे."

"छातीत कळ आली," उस्ताद मागून म्हणाले.

"न्हाई गुरुजी, चोरांनी मारला."

"पाण्यात गेला असणार. मी पहिल्यापासनं सांगतोय."

"तू लेका सांगतोयस, बघितलंयस का?"

"आन् तुम्ही बघितलंय?"

गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली. "आपण मंडळी एकमत करा. मी तोवर चहा घेऊन येतो."

उस्तादांचा हात नकळत खिशातल्या गोळ्यांकडे गेला होता. ते मी पाहिलं आणि मला इतक्या वर्षांत न सुचलेली गोष्ट सुचली. हा शुगरचा माणूस छातीतल्या कळेचं सांगतो. ज्याला चोरांनी बांधलं होतं तो चोरांचं सांगतो. ज्याला झोप लागली होती तो झोपेचं. ते बाबांचं मरण सांगत नव्हते. ज्या मरणाची ज्याला भीती, ते त्यानं बाबांना दिलं होतं, आणि वर 'त्रास झाला नसेल' हेही जोडलं होतं. मी तरी वेगळं काय केलं होतं? माझ्या हकिकतीत बाबा फोन हातात धरून अंधारात चालत होते, कारण मला माझ्या फोनची भीती होती.

मी आईकडे पाहिलं. तिच्या ओठांवर काहीतरी आलेलं होतं. इतकी वर्षं तिनं जे मनात धरलं होतं तेच असणार. ती ते म्हणणार होती. तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिनं तोंड मिटून घेतलं. ती गुरुजींना म्हणाली, "माहीत नाई म्हणा."

तेव्हा मला बसमधली ती दुपार आठवली. ती थकली नव्हती. मी 'असंच' म्हणाले होते ते तिला पूर्ण कळलं होतं, आणि तिनं आपला प्रश्न माझ्यासाठी सोडून दिला होता. तिच्याजवळ बाबांचं तेवढंच उरलेलं होतं, तेही.

मी गुरुजींना म्हणाले, "घरी येऊन राह्यले होते."

कॉलेजात गेल्यापासून मी असं बोलत नाही. तोंडातून तसंच आलं.

"काय?"

"घरी येत होते. येताना गेले."

"हे कारण नाही झालं हो," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी आईकडे पाहिलं. आई पदर तोंडाशी धरून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी तिला माणसांसमोर रडताना पाहिलं नव्हतं. गुरुजींनी पळी उचलली. "चालेल. प्रवासात, स्वगृही येत असता. म्हणा माझ्यामागून."

मी म्हणाले. शब्द संस्कृत होते, पण त्यांतला 'गृह' मला कळला.

पानांच्या माणसाला लाकडांवर ठेवायची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "डोकं दक्षिणेला."

आईनं डोळे पुसून विचारलं, "आपलं घर कोणीकडे येते इथून?"

उस्तादांनी नदीकडे पाठ केली, सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि हात लांब केला. "स्वारगेट, मार्केट यार्ड, त्याच्याफुडं तुमचं अप्पर. ही बघ, सरळ दक्षिण."

"म्हंजे बरोबर झालं," गजवाला म्हणाला. "डोकं म्हंजे केबिन."

कुणी हसलं नाही. त्या तिघांनी आणि मी मिळून बाबांना लाकडांवर ठेवलं, नारळ दक्षिणेला करून. तांबड्या डोळ्यांच्या ड्रायव्हरनं खाली वाकून एका बाजूनं पाहिलं आणि लाकूड थोडं सरकवलं, गाडी सरळ लागली की नाही हे बघतात तसं. मी अग्नी दिला. पळसाची वाळलेली पानं लगेच पेटतात. आईनं स्वतःच कपाळ पुसलं. बांगड्या वगैरे काही केलं नाही.

परतीच्या बसमध्ये आई पुन्हा खिडकीशी बसली. स्वारगेट गेलं, बिबवेवाडीचा चढ लागला. मग ती म्हणाली, "तू काऊन सांगितलं तसं?"

"असंच," मी म्हणाले.

तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तिच्या नखांत अजून पीठ होतं. आमचा स्टॉप येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

त्या रात्री तिनं दाराची वरची कडीही लावली.